कार्बोरेटरवर घातलेलं नाव

जाहिरात चार ओळींची होती, आणि ती वाचल्यावर सदानंद केळुसकरांची खात्रीच पटली की लिहिणाऱ्याने आपल्याला कुठंतरी पाहिलेलं असणार. 'वसईतील नामांकित मोटार सर्व्हिस सेंटरसाठी सेल्स मॅनेजर पाहिजे. अनुभवी, बोलका, सचोटीचा. वयाची अट नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष भेटा. तुस्कानो ऑटो सर्व्हिस, माणिकपूर.' अनुभव बावीस वर्षांचा होता. बोलकेपणाबद्दल तर खुद्द बायकोची तक्रार होती, म्हणजे तो मुद्दा सिद्धच. सचोटीचं म्हणाल तर त्यांनी जन्मभर वजनकाटे विकले होते, आणि वजनकाटे विकणाऱ्याकडे सचोटीचा दाखला मागणं म्हणजे हातच्या कांकणाला आरसा दाखवणं. 'वयाची अट नाही' हे वाक्य त्यांनी मनोरमाबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

"मोटारीतलं तुम्हाला काय कळतं?" मनोरमाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "तुम्हाला साधी सायकल येत नाही."

"छत्री विकणाऱ्याला पाऊस पाडता यावा लागत नाही," सदानंदराव म्हणाले.

कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले, आणि भांडुपच्या त्या जुन्या कारखान्याच्या फाटकाला एक दिवस कुलूप लागलं. त्याबद्दल सदानंदरावांचं फारसं म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते नवप्रभात सोसायटीबद्दल. सकाळी सातपर्यंत सगळी बिल्डिंग मुंबईच्या दिशेने रिकामी व्हायची, आणि दिवसा घरी असणारा एक धडधाकट पुरुष आपल्यात आहे हा शोध लागल्याबरोबर तिने त्यांना आपसांत वाटून घेतलं. कुणाचं कुरियर घ्यायचं, कुणाचा सिलिंडर उतरवून घ्यायचा. पाण्याचा टँकर आला की आवारातल्या गाड्या बाजूला कराव्या लागत, म्हणून नऊ बिऱ्हाडांच्या गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्यांवर लटकत असत. चालवता येत नसल्यामुळे सदानंदराव गाडी न्यूट्रलला टाकायचे आणि ढकलायचे. आठ महिने त्यांनी हे हसतमुखाने केलं. मग जूनमध्ये मुलीने, ज्ञानदाने, कॉलेजचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबवलं आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, इथे काय लिहू?" त्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून ते जेवले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ही नोकरी हवी होती ती त्या रकान्यासाठी.

मुलाखतीची बातमी मनोरमाबाईंनी फक्त तळमजल्यावरच्या मालनताईंच्या कानावर घातली, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती गच्चीवर पोहोचली. मग सल्ले सुरू झाले. आपल्या लोकांचा एक मोठा गुण आहे. मागितलेली वाटीभर साखर देताना ते डब्याच्या तळाकडे बघतील, पण न मागितलेला सल्ला मात्र पोत्याने ओततील. दुसऱ्या मजल्याच्या मते टाय हवाच, तिसऱ्याच्या मते गॅरेजवाल्यांना टाय दिसला की इन्कम टॅक्सवाला आला असं वाटतं. पहिल्या मजल्यावरच्या राऊतांनी तर पगार किती मागायचा, तोही ठरवून टाकला.

या सगळ्यांच्या वर, म्हणजे राहायला तळमजल्यावर पण अधिकाराने सगळ्यांच्या वर, होते दिनानाथ गावडे. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आणि त्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी झालेले. मधे एक दिवसही त्यांचं पेन कोरडं पडलं नाही. त्यांना सगळे 'शिरस्तेदार' म्हणत. जिन्यात पाल मेली तरी त्याची नोंद त्यांच्या दप्तरी सापडे.

"केळुसकर, मुलाखत म्हणजे कागद," शिरस्तेदार म्हणाले. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं." रविवारी दिवसभर बसून त्यांनी सदानंदरावांची एक फाइल तयार केली. अर्ज, अनुभवाचे दाखले, चारित्र्याचा दाखला, आणि हे तिन्ही खरे असल्याचा चौथा दाखला. सगळं तीन प्रतींत. एक त्यांना, एक तुम्हाला, एक दप्तरी. तिकडे सदानंदरावांनी लायब्ररीतून मोटार दुरुस्तीवरचं एक पुस्तक आणून रात्रीच्या जेवणाआधी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांतला फरक मनोरमाबाईंना लाटणं आणि डबा घेऊन समजावून दिला. त्या नादात पोळ्या करपल्या, पण फरक मात्र त्यांना स्वतःला चांगला समजला.

सोमवारी बरोबर अकराला ते तुस्कानो ऑटो सर्व्हिसमध्ये हजर झाले. आधीच्या उमेदवाराची मुलाखत चालू होती. विघ्नेश नावाचा विरारचा तरुण, केसांना तेल चोपडलेलं, हातात ब्रीफकेस, आणि दर दुसऱ्या वाक्यात 'पोटेन्शियल'. तो बाहेर पडला तेव्हा त्याने सदानंदरावांकडे अशी नजर टाकली, की आपण कुणाचे तरी वडील म्हणून सोबत आलोय असं त्यांना वाटलं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. काट्यावर लहान वजन ठेवलं की ते जास्तच उड्या मारतं, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

मालकीण बर्था तुस्कानो. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, गळ्यात बारीक साखळीतला क्रूस, आणि समोरच्याच्या बोलण्याचा धागा मधेच कापून टाकणारी नजर. सदानंदरावांनी फाइल पुढे केली. बाईंनी ती घेतली आणि टेबलावर डाग पडू नये म्हणून चहाचा कप तिच्यावर ठेवला.

"राहता कुठं?"

"नवप्रभात सोसायटी. इथंच, पाण्याच्या टाकीमागे."

"गाड्या किती आहेत तिथं?"

टू-स्ट्रोक ओठांवर घेऊन आलेल्या सदानंदरावांना हा प्रश्न अनपेक्षित होता, पण अवघड नव्हता. "दोन मोटारी, सात दुचाकी."

"कशा स्थितीत आहेत?"

आता मात्र सदानंदराव खुलले. "राऊतांच्या स्कूटरचं मागचं चाक ढकलताना कुईकुई करतं. मालनताईंची लुना ब्रेक सोडला तरी धरलेलीच असते. शिरस्तेदारांची फियाट गेल्या होळीपर्यंत मला एकट्याला ढकलता यायची, आता दोन माणसं लागतात. मॅडम, आमच्या बिल्डिंगमधली एकही गाडी वर्षभरात नीट तपासली गेलेली नाही, हे मी खांद्याच्या दुखण्यावरून सांगतो."

बर्थाबाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं. "माझे मिस्टर बहारीनहून आले आणि त्यांनी हे गॅरेज काढलं. ते होते तोवर गाड्या आपोआप यायच्या. ते गेले, आणि गाड्या झाडाखालच्या मेकॅनिककडे जायला लागल्या. मला नुसता बोलणारा माणूस नको, केळुसकर. गाडी आणणारा हवाय. शनिवारी तीन गाड्या घेऊन या. पहिली तपासणी फुकट. मघाच्या मुलालाही हेच सांगितलंय. जो आणेल तो तिथे बसेल." त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. फिरती खुर्ची होती, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. सदानंदरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मनात तिच्यावर एक अर्धी गिरकीही घेऊन टाकली.

तीन गाड्या! नऊ किल्ल्या ज्याच्या दारामागे लटकतात, त्याला तीन गाड्या! घरी येताना त्यांनी कोपऱ्यावरून पाव किलो जिलेबी घेतली.

पण सोमवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ या काळात नवप्रभात सोसायटीचं एक नवंच रूप त्यांना दिसलं. प्रत्येकाचा एक 'आपला माणूस' निघाला. हा 'आपला माणूस' म्हणजे कुठल्यातरी चिंचेखाली डबा मांडून बसलेला मेकॅनिक. तो गाडी दुरुस्त करतो असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, पण तो आपला होता. राऊतांचा माणूस तर वर्षभर तीच कुईकुई दुरुस्त करत होता, आणि राऊतांना त्याच्या चिकाटीचं कौतुक होतं. त्यात 'फुकट' हा शब्द सदानंदरावांनी मोठ्या दिमाखात उच्चारला, आणि तिथंच घात झाला. पैसे घेणाऱ्याला मध्यमवर्गीय माणूस फार तर लुटारू म्हणतो, फुकट देणाऱ्याच्या मात्र तो खिशांकडे बघतो.

"फुकट कोण देतं हो?" मालनताई म्हणाल्या. "आतले चांगले पार्ट काढून घेत असतील, आणि जुने घालून देत असतील."

शिरस्तेदारांनी या शंकेला कायदेशीर रूप दिलं. "केळुसकर, मोटार गॅरेजात जाते ती एक, आणि बाहेर येते ती दुसरी. रंग तोच, नंबर तोच, मधला ऐवज बदललेला. मी माझी फियाट द्यायला तयार आहे. परंतु," आणि इथे त्यांनी चष्मा पुसला, "आधी पंचनामा झाला पाहिजे. प्रत्येक भागाचा."

"पण भाग आपलाच आहे हे ओळखायचं कसं?" राऊतांनी विचारलं. "प्लगसारखा प्लग असतो."

मग मालनताई सहज बोलून गेल्या, "त्यात काय, आपण भांड्यांवर नावं घालतो तशी घालायची."

आता हे वाक्य ऐकून वसईत काय, अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला हसू येणार नाही. आपल्याकडे स्टीलचा पेला दुकानातून घरी येतो तो वाटेत नाव घालून. चटणीची वाटी शेजारी गेली तरी नावाच्या बळावर परत येते. ज्या भांड्यावर नाव नाही ते मांडणीवर असलं तरी परक्यासारखं वाटतं. शिरस्तेदारांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, 'वस्तूवर ज्याचं नाव, ताबा त्याचा', आणि तो एकमताने संमत झाला. सोसायटीच्या इतिहासात एकमताने संमत झालेला हा पहिला ठराव. या उत्साहात सातच्या सात दुचाकी आणि दोन्ही मोटारी शनिवारी द्यायचं ठरलं. सदानंदरावांचा ऊर भरून आला. मागितल्या तीन, मिळाल्या नऊ. असा माणूस बर्थाबाईंना कंदील घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

गुरुवारी कसलीशी सुट्टी होती. सकाळी आठपासून आवारात नऊ पुरुष नऊ गाड्यांची पोटं उघडून बसले. हाताला जो भाग निघेल तो 'मुख्य भाग' समजायचा असं ठरलं होतं. प्लग, कार्बोरेटर, साइड पॅनल, हॉर्न, असं सगळं परातींतून, पिशव्यांतून, मालनताईंकडे तर पूजेच्या ताम्हनातून, बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेलं. तिथला नावं घालणारा हातातलं यंत्र सुरू करून सवयीने विचारता झाला, "बोला, कोणाकडून कोणाला?"

त्याला पुष्कळ समजावलं. पण वीस वर्षांचं वळण एका सकाळीत जात नाही. राऊतांच्या प्लगवर 'श्री. व सौ. राऊत यांजकडून' असं आलं. मालनताईंच्या लुनाच्या प्लगवर 'सप्रेम भेट' आलं, आणि त्या उलट खूश झाल्या. शिरस्तेदारांचा आग्रह पूर्ण नावाचा होता. 'श्री. दिनानाथ विष्णू गावडे, निवृत्त शि' इथपर्यंत कार्बोरेटर संपला, म्हणून 'रस्तेदार' एअर फिल्टरच्या झाकणावर घालावं लागलं. संध्याकाळी सगळे भाग परत आपापल्या जागी बसले. निदान बसवणाऱ्यांना तसं वाटलं. शिरस्तेदारांनी सत्तावीस पानांचा पंचनामा पुरा केला आणि खाली पंच म्हणून सदानंदरावांची सही घेतली. 'स्टिअरिंग, गोल, काळे, एक' इथून तो सुरू होत होता.

शुक्रवारी सकाळी एकही गाडी सुरू झाली नाही.

आयुष्यात असे प्रसंग येतात तेव्हा माणूस खचतो. सदानंदराव खचले नाहीत. "चालू गाडी गॅरेजला कोण नेतं?" ते म्हणाले. "आजारी माणूसच डॉक्टरकडे जातो." आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता नवप्रभात सोसायटी आपल्या नऊ गाड्या ढकलत माणिकपूरच्या रस्त्याला लागली. सगळ्यात पुढे फियाट, तिच्या स्टिअरिंगवर शिरस्तेदार, मागून आणखी एकाच्या जोडीने जोर लावणारे सदानंदराव. मागे ओळीने स्कूटरी, आणि शेवटी लुना घेऊन मालनताई. बाजारात बघ्यांची गर्दी झाली. चौकात हवालदाराने हात आडवा केला.

"मोर्चा कसला? पेट्रोलचा?" त्याने विचारलं. "परवानगी आहे का?"

शिरस्तेदारांनी खिडकीतून सत्तावीस पानं बाहेर काढली. हवालदाराने पहिली तीन पानं उभ्यानेच वाचली. 'हॉर्न, वाजणारा, एक' इथे आल्यावर त्याने सावकाश वर पाहिलं आणि रस्ता मोकळा करून दिला.

तुस्कानो गॅरेजचा हेडमेकॅनिक आत्माराम हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. किनाऱ्याकडच्या गावातला, बर्थाबाईंच्या मिस्टरांच्या, इनास तुस्कानोंच्या हाताखाली तयार झालेला. एकामागून एक नऊ गाड्या आणि वीसेक माणसं आत आलेली बघून त्याने ग्लास खाली ठेवला. "बाय," तो आत वळून ओरडला, "येवढी मानसं माझ्या लग्नाला पन नव्हती."

बर्थाबाई बाहेर आल्या, गाड्या मोजल्या, आणि सदानंदरावांकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या एका मान हलवण्यात सदानंदरावांना नेमणूकपत्र दिसलं. पण हे सुख पाच मिनिटं टिकलं. आत्मारामने पहिला प्लग काढला, पुसला, डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्याने वाचला, "श्री व सौ राऊत यांजकडून." मग दुसरा. मग फियाटचं बॉनेट उघडून बराच वेळ तो आत बघत राहिला. "ह्यो 'रस्तेदार' कोन?"

"हे काय आहे?" बर्थाबाईंनी विचारलं.

"खूण," शिरस्तेदार अभिमानाने म्हणाले. "भाग बदलले जाऊ नयेत म्हणून."

चष्मा लावून बर्थाबाई आत जाऊन बसल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सदानंदरावांना बरं वाटलं असतं. बाहेर मात्र नवप्रभात सोसायटीचा सोहळा चालला होता. प्रत्येक मालक हात मागे बांधून आपापल्या गाडीशेजारी उभा होता आणि मेकॅनिकच्या बोटांवरून नजर हलवत नव्हता. जेवायलाही माणसं आळीपाळीने गेली. आत्मारामने बिचाऱ्याने उलटसुलट लावलेल्या वायरी सरळ केल्या, चेपलेले वायसर बदलले, राऊतांची कुईकुई सात मिनिटांत बंद केली. ती बंद झाल्यावर राऊतांना गाडी आपली वाटेना, आणि त्यांनी प्लग पुन्हा काढून नाव वाचून घेतलं. संध्याकाळी परतीचा पंचनामा झाला. शिरस्तेदार वाचत गेले, सदानंदराव 'आहे, आहे' म्हणत गेले आणि शेवटी सही करून मोकळे झाले. सहाच्या सुमारास नऊच्या नऊ गाड्या खणखणीत आवाज करत घराकडे निघाल्या.

सदानंदराव आत गेले. तीन सांगितल्या होत्या, नऊ आणल्या होत्या, नऊही चालत गेल्या होत्या. हिशेब अगदी सरळ होता.

"वीस वर्षं झाली," बर्थाबाई म्हणाल्या. "या गॅरेजातून कुणाचा स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे गेलेला नाही. आज वीस माणसं माझ्या दारात उभी राहून माझ्या माणसांच्या हातांवर पाळत ठेवून होती. त्यांना तुम्ही आणलंत."

सदानंदरावांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात आत्माराम दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाय, बाराचा पाना नाय. सगला शोधला. आपला बहारीनचा."

बर्थाबाई उठून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या लाकडी फळीवर आठपासून चोवीसपर्यंतचे पाने ओळीने टांगलेले होते, आणि त्या ओळीत एक जागा रिकामी होती. इनास तुस्कानोंनी बहारीनमध्ये पहिल्या पगारातून घेतलेला तो संच. ते गेल्यावरही त्याच फळीवरून काम चालत आलं होतं.

"मी कुणाला चोर म्हणणार नाही," बर्थाबाई शांतपणे म्हणाल्या. "ते काम तुमच्या बिल्डिंगने आधीच उरकलंय. पाना आला तर सोमवारी या, केळुसकर. नाही आला तर येऊ नका. त्या मुलाने दोन गाड्या आणल्यात, तिसरीही तो आणेल."

घरी येताना सदानंदरावांच्या पायांत गोळे आले होते, ते फियाट ढकलल्यामुळे असं त्यांनी मनाशी ठरवलं. मनोरमाबाईंनी ताट वाढलं. त्यांनी सगळं सांगितलं, आणि इतकंच म्हणाले, "बाई रागावली म्हणून वाईट वाटत नाही. तिचं खरं होतं, म्हणून वाईट वाटतं."

"मग पाना शोधा," मनोरमाबाई म्हणाल्या. "रडायचं असेल तर नंतर रडा."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रविवारी सकाळी शिरस्तेदारांच्या दारावरची बेल वाजवली तेव्हा ते स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून गळका नळ आवळत होते, आणि त्यांच्या हातात बाराचा पाना होता.

"शिरस्तेदार, हा गॅरेजचा आहे."

"कसा असेल?" शिरस्तेदार प्रामाणिकपणे चकित झाले. "माझ्या बॉनेटमध्ये होता." ते उठले, हात धुतले, आणि दप्तरातून परतीचा पंचनामा काढला. "हे बघा. अनुक्रमांक सत्तेचाळीस. 'पाना, लोखंडी, बारा नंबरी, एक.' मी वाचला, तुम्ही 'आहे' म्हणालात. खाली पंच म्हणून सही कुणाची?"

सही सदानंदरावांचीच होती, चांगली ठळक, खाली दोन टिंबं देऊन. आपल्याच हाताने आपली नोकरी लिहून दिलेला मनुष्य त्या क्षणी वसई तालुक्यात तेवढा एकच असावा. शिरस्तेदार लबाडी करत नव्हते, हेच तर दुःख होतं. लबाड माणसाशी भांडता येतं, कागद दाखवणाऱ्या सज्जनाशी काय भांडणार?

पण बावीस वर्षं फुकट गेली नव्हती. वाण्याशी कधी वाद घालायचा नाही, वस्तू त्याच्या हातात द्यायची आणि तिलाच बोलू द्यायचं, हे सदानंदरावांनी शेकडो दुकानांच्या पायऱ्यांवर शिकून घेतलं होतं. त्यांनी पाना हातात घेतला. वर्षानुवर्षांच्या ग्रीसचा काळा थर त्याच्यावर चढला होता. हाताला काहीतरी खरखरीत लागलं, म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला, तोच मुलाखतीसाठी इस्त्री केलेला, आणि दांडा घासायला सुरुवात केली. शिरस्तेदारांच्या सौभाग्यवतींनी आतून थोडं रॉकेल आणून दिलं. थर सुटला. खालून खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं वर आली. 'इनास तुस्कानो, बहारीन, १९७९.'

सदानंदरावांनी पाना शिरस्तेदारांच्या हातात ठेवला.

शिरस्तेदारांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे ठराव, हुकूम आणि निकाल आपल्या अक्षरात उतरवून घेतले, त्यांच्यावर आज त्यांचाच ठराव उलटला होता. मग ते खुर्चीवर बसले, पेन उघडलं, सत्तेचाळीस नंबरवर आडवी रेघ मारली, शेजारी 'ज्याचे नाव त्यास परत' असं लिहिलं, आणि तिन्ही प्रतींवर सही केली.

"त्या बाईंना सांगा," ते खाली बघत म्हणाले, "चूक दप्तराची झाली. दानतीची नव्हे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि केळुसकर, गाडी फार छान चालतेय हो. पुढची सर्व्हिसिंग कधी करतात?"

सदानंदरावांनी तीन महिन्यांनंतरची तारीख सांगितली, आणि ती तिन्ही प्रतींवर नोंदवून घेतली.

सोमवारी साडेआठला ते तुस्कानो गॅरेजमध्ये पोहोचले. बर्थाबाई टेबलापाशी होत्या. सदानंदरावांनी पाना रुमालातून सोडवला आणि नाव वर येईल असा त्यांच्यासमोर ठेवला. खरं तर वाटभर त्यांनी एक भाषण जुळवत आणलं होतं. आपण नाव घालतो ते चोराच्या भीतीने नाही, जीव असतो त्या वस्तूवर म्हणून घालतो, वगैरे. मुद्दे चांगले होते. पण बाईंनी त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं, आणि जन्मात पहिल्यांदा या बोलक्या माणसाला गप्प राहण्याची अक्कल सुचली.

"हे मी कधी बघितलंच नव्हतं," बर्थाबाई म्हणाल्या. "कायम त्यांच्या हातात असायचा." मग त्यांनी हाक मारली, "आत्माराम, बाकीचे पण पुसून आण रे."

आत्मारामने फळीवरून एक एक पाना काढला आणि पुसून टेबलावर मांडला. आठचा, दहाचा, चौदाचा. चोवीसच्या पान्यापर्यंत एकही सुटला नव्हता. प्रत्येकावर तेच नाव होतं, तितकंच वेडंवाकडं. बर्थाबाई त्या ओळीकडे पाहता पाहता एकदम हसल्या, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागल्या. आत्माराम उगाचच बाहेरच्या गाडीकडे बघत राहिला.

मग त्यांनी नाक ओढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज पहिल्यासारखा कडक केला. "इथली वेळ आठची आहे, केळुसकर. पहिल्याच दिवशी अर्धा तास उशीर?"

"चुकलं मॅडम," सदानंदराव म्हणाले, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाले की आत्मारामला वाटलं, या माणसाला काहीतरी बक्षीस लागलंय.